चार स्क्रूंचं झाकण

माझ्या बाबांना आमची सगळी वस्ती 'टेस्टर' म्हणते. तोंडावर नाही, पाठीमागे. बाकीचे लोक खिशाला पेन लावतात, बाबा टेस्टर लावायचे. लग्नाला जायचं असो नाहीतर दवाखान्यात, शर्ट बदलायचा, टेस्टर तोच. माझा जन्म झाला तेव्हा आई वॉर्डात कण्हत पडली होती आणि हे महाशय नर्सला सांगत होते की खाटेजवळच्या प्लगला अर्थिंग नाही. आई अजून ते बोलून दाखवते. "मुलगी झाली म्हणून सांगायला नर्स आली, तर हे खाटेखाली शिरलेले," म्हणते. बाबा हसतात आणि म्हणतात, "अगं, पण नव्हतंच ना अर्थिंग."

वायरमन म्हणून एकतीस वर्षं त्यांनी काम केलं. त्यांच्या कामाच्या दोन रीती होत्या आणि त्या मोडलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. एक रीत फ्यूजची. कुठेही काम करायचं तर मेनचा फ्यूज काढायचा आणि तो स्वतःच्या खिशात टाकायचा. नुसता खाली ठेवायचा नाही, कोणाच्या हातात द्यायचा नाही. फ्यूज आपल्या खिशात असला की दुसरा कोणी चुकून वीज सुरू करत नाही आणि आपण तारेला चिकटून मरत नाही, एवढं साधं कारण. एकदा मात्र ते एका इमारतीचा फ्यूज खिशात घेऊनच घरी आले आणि आरामात जेवायला बसले. तिकडे तीन मजले अंधारात चाचपडत होते. शेवटी तिथला एक म्हातारा पत्ता विचारत विचारत आमच्या दारात आला. बाबांनी खिशातून फ्यूज काढून बघितला आणि उष्ट्या हाताने त्याच्या मागोमाग पळाले.

दुसरी रीत तपासण्याची. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावायचा, तो पेटतो का बघायचा. मग आपल्या तारेवर. मग परत चालू पॉइंटवर, म्हणजे मधल्या मधे टेस्टरच मेला नाही ना ते कळतं. आणि अर्थिंग बघायला पिशवीत एक टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरमध्ये बल्ब आणि त्याला दोन तारा. लॅम्प लागला तर अर्थिंग आहे, नाहीतर भिंतीतून हिरवी तार कितीही डौलात बाहेर आलेली असू दे, ती नुसती शोभेची. "डोळ्यांना काहीही दिसतं," असं म्हणायचे. "लावून बघ." हे 'लावून बघ' मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या डोक्यात जायचं.

तर असा हा माणूस. हाताचा सरळ, कामाचा चोख, आणि एकतीस वर्षांत एकाही कामाच्या कागदावर त्याची सही नाही.

त्याचं कारण सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वायरिंग झालं की त्याचा टेस्ट रिपोर्ट भरावा लागतो. त्यावर परमिटवाल्याची, म्हणजे ज्याच्याकडे वायरिंगचा सरकारी परवाना आहे त्याची, सही असल्याशिवाय मीटर जोडत नाहीत. परमिट मिळवायचे रस्ते दोन. एक म्हणजे सरकारने मान्य केलेल्या यादीतल्या एखाद्या संस्थेतून दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स करायचा. दुसरा म्हणजे परमिटवाल्याच्या हाताखाली आठ वर्षं काम करायचं, त्याने तसं पत्र द्यायचं, आणि मग परीक्षा. बाबा दुसऱ्या रस्त्याने निघाले होते. ते ज्याच्याकडे कामाला होते त्या ठेकेदाराकडे परमिट होतं. आठ वर्षं झाल्यावर बाबांनी पत्र मागितलं. ठेकेदार म्हणाला, "देतो की, पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी म्हणाला, "तुला काय घाई आहे? मी आहे ना सही करायला." असं करत एकतीस वर्षं. ठेकेदाराने शिडीवर पाय ठेवल्याला कितीतरी वर्षं झाली असतील. तो गाडीतून उतरायचासुद्धा नाही, काचेतून कागद आत घ्यायचा, सही करायचा, कागद बाहेर. बाबांसारखा माणूस परमिट घेऊन बाहेर पडला असता तर ह्याचं दुकान चाललं असतं का? मला हे दहाव्या वर्षी कळलं. बाबांना कळत होतं की नाही, देव जाणे. ते मूग गिळून राहिले.

मी शाळेत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जायचे. मुलीची जात, शिडीवर काय चढतेस, असं म्हणणारे होतेच, त्यांच्याकडे मी ढुंकून पाहिलं नाही. शाळा संपली आणि मी सांगितलं की मला हेच करायचं आहे. आईने कपाळाला हात लावला.  दोन दिवसांनी बाबा कामावरून आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "कर. पण ठेकेदाराच्या दारात उभं राहायचं नाही. कोर्स करायचा, परमिट काढायचं, स्वतः सही करायची. माझ्यासारखं नाही."

आयुष्यात पहिल्यांदा ते 'माझ्यासारखं नाही' असं म्हणाले. मला गलबलून आलं होतं, आता खोटं कशाला बोलू.

कोर्स दोन ठिकाणी होता. एक बस डेपोमागची जुनी सरकारी संस्था. दुसरं बाहेरच्या रस्त्याला नवीन झालेलं खासगी कॉलेज. दोन्हीकडे दोन वर्षं. आई दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर काम करायची. कागद म्हणजे काय चीज आहे हे तिला बरोबर माहीत होतं. एका शिक्क्यासाठी माणसं चार चार तास रांगेत कशी उभी राहतात ते ती रोज बघत होती. ती म्हणाली, "कुठेही घ्या, पण परमिटच्या यादीत त्या कॉलेजचं नाव आहे का, एवढं विचारून या. फक्त एवढं एक."

"विचारतो," बाबा म्हणाले.

आधी आम्ही सरकारी संस्थेत गेलो. वर्कशॉपच्या दारातच बाबा थांबले. भिंतीवर लाकडी बोर्ड, आणि त्यांना इतकी भोकं की चाळण बरी. तारा लोंबत होत्या. एका जोडावर टेप नुसती चिकटवलेली, अर्धी सुटलेली. एका स्विचचं झाकण गायब. एका कोपऱ्यात जळलेल्या मोटारींचा ढीग. शिकवणारे मास्तर खाली बसून एका मोटारीचं वाइंडिंग सोडवत होते, कोपरापर्यंत काळे. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "फॉर्म बाहेरच्या खिडकीवर," एवढंच म्हणाले. मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे म्हणून मी शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "आहे, पण कुलूप आहे. किल्ली साहेबांकडे आहे." साहेब रजेवर.

बाबांनी तो अर्धवट टेपचा जोड बोटाने उचलून बघितला. बाहेर आल्यावर म्हणाले, "असे जोड मी माझ्या हाताखालच्या माणसाला दुसऱ्यांदा करू दिले नसते. आणि हे शिकवणारे."

तिथून आम्ही नवीन कॉलेजला गेलो. काचेचं दार, आत गारवा, बसायला सोफा. एका बाईंनी हसून पाणी दिलं आणि आम्हाला लॅबमध्ये नेलं. लॅबच्या समोरच्या भिंतीवर एक मोठं पॅनेल होतं, चार स्क्रूंचं पारदर्शक झाकण असलेलं. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले आणि बाई काय बोलत होत्या ते त्यांना ऐकूच येईना. एकेक तार सरळ, काटकोनात वळलेली. प्रत्येक टोकाला नंबर. लाल, पिवळी, निळी, काळी, आणि खाली हिरवी, जाडजूड, नीट पट्टीत बसवलेली. बाबांनी झाकणावर हात ठेवला. मला जवळ बोलावलं.

"बघ," म्हणाले, "एका स्क्रूच्या खाचेलासुद्धा ओरखडा नाही. किती हलक्या हाताने काम केलंय."

मी हे वाक्य विसरणार नाही. ज्या माणसाला खाचेवरचा ओरखडा दिसतो, त्याला ओरखडा नसण्याचा अर्थ लागू नये? पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. असं पॅनेल बांधायला मिळावं अशी त्यांना कायम हौस होती आणि ठेकेदाराने कधी तेवढा वेळ दिला नाही. 'आटप, झाकण लाव, दिसतंय कोणाला.' इथे ते दिसत होतं. शिवाय त्या दिवशी चांगला शर्ट घातला होता म्हणून हत्यारांची पिशवी घरी होती. टेस्ट लॅम्प पिशवीत. खिशातला टेस्टर खिशातच राहिला.

आता सगळं त्यांच्याच माथी मारायचं नाही. मलाही तेच कॉलेज हवं होतं. तिथे स्वच्छतागृह होतं आणि त्याला कुलूप नव्हतं. तिथे आणखी चार मुली होत्या. पाणी देणाऱ्या बाई मला 'मॅडम' म्हणाल्या होत्या. यादीचं विचारायचं मला आठवत होतं, अगदी जिभेवर होतं. पण बाबा त्या झाकणापुढे असे उभे होते की मला वाटलं, आता कशाला.

घरी आल्यावर आईने पहिलं तेच विचारलं. "यादीत नाव आहे का?"

"अगं, तू ते पॅनेल बघायला हवं होतंस," बाबा म्हणाले.

"मी पॅनेलचं नाही विचारत. यादीचं विचारलंत का?"

"ज्यांचं वायरिंग असं आहे, त्यांचे कागद कसे वाईट असतील? वायरिंगमध्ये माणूस कळतो. सरकारी ठिकाण मी बघून आलो ना. तिथे पाठवायचं म्हणजे हिचा हात बिघडवायचा."

आई उठून आत गेली. बाबा बोलत नाहीत ते बोलत नाहीत, पण एकदा बोलले की त्यांना कोणी अडवत नाही, हीही आमच्या घरची एक वाईट सवय.

कॉलेज सुरू झालं. पहिल्या महिन्यात पडद्यावर चित्रं दाखवली. दुसऱ्या महिन्यात कॉम्प्युटरवर वायरिंग केलं, म्हणजे माउसने लाल तार ओढायची आणि दिवा लागला की टाळी वाजायची. तारेचं साल सोलायला एकदाही सांगितलं नाही. पॅनेलवर 'हात लावू नये' अशी पाटी होती. सर लांबूनच काठीने दाखवायचे, "हे अमुक, हे तमुक." मी बाबांना सांगितलं की पॅनेल उघडू देत नाहीत.

"शिस्त आहे," बाबा म्हणाले. "आधी डोक्यात बसायला हवं, मग हातात. आमच्या वेळी उलटं होतं म्हणून आम्ही असे राहिलो."

हाताचं काम मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडेच शिकत होते. भिंतीत खाच पाडणं, पाइपातून तारा ओढणं, जोड मारून वर टेप गुंडाळणं. माझा जोड ते नखाने खेचून बघायचे. सुटला नाही की 'हूं' म्हणायचे. तेवढंच कौतुक. मात्र बाहेर, लोकांत, त्यांचं तोंड थकत नव्हतं. माझी मुलगी त्या कॉलेजात आहे. तिथलं पॅनेल बघा एकदा. दोन वर्षांनी स्वतः सही करेल. चहाच्या टपरीवर, वायरच्या दुकानात, ठेकेदाराच्या तोंडावरसुद्धा. ठेकेदार गाडीतून म्हणाला होता, "छान आहे. करू दे." तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण तो माणूस फुकटचं छान म्हणत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक दिवस सर आलेच नाहीत. लॅब उघडी होती. मी दप्तरातून स्क्रू ड्रायव्हर काढला, बाबांनीच दिलेला, आणि त्या झाकणाचे चारही स्क्रू काढले. बाकीच्या मुली 'अगं, अगं' करत दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी हिरवी तार पकडली आणि तिच्या मागे मागे खाली गेले. पट्टीच्या आत चार बोटं गेल्यावर ती संपली. कापलेली, टोक आत वळवून ठेवलेली. लाल, निळ्या, पिवळ्या, सगळ्या तशाच. सुंदर वळवलेल्या, नंबर लावलेल्या, आणि कुठेही न गेलेल्या. ते पॅनेल नव्हतंच. ते बघायला लावलेलं होतं.

मी झाकण परत लावलं. घाईत एक स्क्रू घसरला आणि खाचेला ओरखडा पडला. त्या झाकणावरचा तो पहिला ओरखडा. मी दोन वर्षांत तिथे केलेलं काम तेवढंच.

घरी मी सांगितलं नाही. बाबा त्या आठवड्यात माझ्यासाठी रबरी हातमोजे घेऊन आले होते, जाड, चांगल्यातले. ठेकेदाराने त्यांना असे कधी दिले नव्हते. मी म्हटलं, जाऊ दे, कोर्सचा कागद हातात आला की झालं. काम मला येतंच आहे. परमिटवाल्यांना पॅनेलशी काय घेणं?

निकाल लागला. मी पहिल्या वर्गात पास. बाबांनी शर्टाला इस्त्री केली आणि आम्ही परमिटच्या ऑफिसात गेलो. खिडकीत एक वयस्कर कारकून होता, चष्मा नाकावर. त्याने सर्टिफिकेट बघितलं, मग काचेखालच्या यादीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. परत एकदा फिरवलं. तो माणूस वाईट नव्हता, हे मला सांगायलाच हवं. त्याने यादी आमच्याकडे फिरवली.

"या कॉलेजचं नाव नाही यात," तो म्हणाला. "त्यांनी अर्जच केलेला नाही कधी. त्यांचा कागद त्यांच्यापुरता."

बाबा यादीवर वाकले. सरकारी संस्थेचं नाव तिसरं होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "पण साहेब, इथे तर वायरिंग..." म्हणाले आणि थांबले. कारकुनाला काही कळलं नाही. तो म्हणाला, "हो, ही चालते. पण तिथे शाळा सोडल्यापासून दोन वर्षांच्या आतच प्रवेश मिळतो. हिला तिसरं वर्ष लागलं ना? मग आता आठ वर्षांचा अनुभव आणि परमिटवाल्याचं पत्र. तोच रस्ता राहिला. ओळखीत कोणी आहे का परमिटवाला?"

ओळखीत कोणी आहे का, असं त्याने बाबांना विचारलं.

आम्ही घरी आलो. आईने आमच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. ती 'मी म्हटलं होतं' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, कारण मग ते मला बोलावं लागलं नसतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. जेवायला बसल्यावर बाबा हळूच म्हणाले, "कॉलेजात जाऊन बोलतो मी. एवढं चांगलं पॅनेल बांधणारी माणसं काहीतरी..."

"बाबा," मी म्हटलं, "त्या पॅनेलला अर्थिंग नाहीये."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"हिरवी तार चार बोटांवर कापलेली आहे. सगळ्याच कापलेल्या आहेत. मी उघडून बघितलं. तुम्ही टेस्टर लावला होता? एकतीस वर्षं सगळ्या जगाला सांगत आलात, लावून बघ, लावून बघ. माझ्या वेळेलाच नाही लावलात?"

आई म्हणाली, "पुरे." मी थांबले नाही. आणखी दोन वाक्यं बोलले, ती इथे लिहीत नाही. बाबांनी खिशातला टेस्टर काढला, ताटाशेजारी ठेवला, आणि हात धुवायला उठले. ताटात अन्न तसंच होतं. माझ्या आठवणीत त्यांनी ताटात काही टाकलेलं ते एकदाच.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. संध्याकाळी आले आणि स्वयंपाकघरात आईजवळ बसले. मी बाहेरच्या खोलीत होते. त्यांना वाटलं, मला ऐकू जात नाही.

"सरकारी संस्थेत गेलो होतो," ते म्हणाले. "दिवसभर दारात बसून बघितलं. मुलं सकाळी येतात, बोर्डावर आख्खं वायरिंग करतात. मास्तर तपासतात, लॅम्प लावून. चुकलं की परत. आणि चारच्या सुमाराला सगळं सोडवतात, गुंडाळून ठेवतात. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलं तेच बोर्ड घेतात. रोज. म्हणून त्या तारा लोंबत होत्या गं. म्हणून ती भोकं. तो टेपचा जोड कोणाचा तरी पहिला जोड असेल."

आई म्हणाली, "चहा घ्या."

"मला कळायला हवं होतं," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाला नाही कळलं तर चालेल. मला कळायला हवं होतं."

मी उठून आत जायला हवं होतं. गेले नाही. माझा राग अजून गरम होता आणि मला तो सोडायचा नव्हता. राग धरून ठेवण्यात मी बाबांच्या वर आहे.

पुढच्या महिन्यात मी ठेकेदाराकडे कामाला लागले. दुसरा परमिटवाला ओळखीत होता कुठे? बाबा स्वतः मला घेऊन गेले नाहीत, मी एकटीच गेले. त्याने काच खाली केली, मला नीट बघितलं आणि म्हणाला, "बापाचा हात आला असेल तर बरं आहे." त्याच्या दुकानाचं नाव पाठीवर छापलेला शर्ट दिला. बाबांच्या वाट्याला यायची तशीच कामं माझ्या वाट्याला. मी वायरिंग करते, मी तपासते, रिपोर्ट मी भरते, काच खाली होते, सही होते. तीन वर्षं झाली. परवा पत्राचं आत्तापासून बोलून ठेवावं म्हणून विषय काढला. "अजून पाच वर्षं आहेत," तो म्हणाला. "तुला काय घाई आहे?" अगदी तेच शब्द, तोच आवाज. मी पक्कड उचलून कामाला लागले, दुसरं काय करणार.

आता बाबांचं सांगते. मी कामाला लागले त्याच वर्षी त्यांनी गुडघ्यांमुळे शिडी सोडली. पण दर वर्षी प्रवेशाचे दिवस आले की ते त्या कॉलेजच्या फाटकाबाहेर जाऊन उभे राहतात. हे आम्हाला पहिल्या वर्षी माहीतच नव्हतं. आईला वाटायचं, फिरायला जातात. हातात स्क्रू ड्रायव्हर, खिशाला काही नाही. टेस्टर त्यांनी परत लावला नाही. येणाऱ्या आईबापांना सांगतात, "आत एक पॅनेल दाखवतील. त्याचं झाकण उघडून दाखवा म्हणा. आणि यादीत नाव आहे का विचारा." एवढंच. हा एवढंच बोलणारा माणूस आहे, भाषण त्याला जमत नाही. हातात स्क्रू ड्रायव्हर घेतलेल्या म्हाताऱ्याचं कोण ऐकणार? कोणी म्हणतं डोकं फिरलंय, कोणी म्हणतं दुसऱ्या कॉलेजने पाठवलेला माणूस असणार. वॉचमन त्यांना दोनदा हटकतो, मग सावलीला खुर्ची देतो. त्याला दया येते. मला त्या दयेचा जास्त राग येतो.

यंदा माझं काम कॉलेजजवळच्याच एका इमारतीत चालू होतं. मेनचा फ्यूज काढला, खिशात टाकला, शिडीवर चढले, आणि वॉचमनचा फोन आला. "ताई, आज ऊन फार आहे, त्यांना घेऊन जा, ऐकत नाहीत." मी होते तशीच निघाले. खांद्यावर तारेचं भेंडोळं, पाठीवर ठेकेदाराचं नाव.

फाटकाशी एक बाई उभ्या होत्या, हातात फाइल, शेजारी त्यांची मुलगी, अठराएक वर्षांची. बाबा त्यांना सांगत होते. यादी, झाकण, अर्थिंग. बाई ऐकत होत्या, खरंच ऐकत होत्या, मला वाटलं हिच्या तरी डोक्यात शिरतंय. तेवढ्यात मी पोहोचले. "बाबा, चला," म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. भेंडोळं, पक्कड, हातमोजे. ते हातमोजे अजून तेच आहेत. "ही तुमची मुलगी?" त्यांनी बाबांना विचारलं. "इलेक्ट्रिशियन आहे?"

"हो," बाबा म्हणाले.

"अय्या, बघ गं," बाई मुलीला म्हणाल्या. मग बाबांना विचारलं, "कुठे शिकली ही?"

बाबांना खोटं बोलता येत नाही. ते एवढंसं खोटं बोलले असते तर त्या मुलीची दोन वर्षं वाचली असती. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"इथेच," म्हणाले.

"मग झालं तर," बाई हसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. "उगाच घाबरवत होतात आम्हाला."

"काकू, मला परमिट नाही मिळालं," मी म्हटलं. "इथल्या कागदावर मिळत नाही. मी दुसऱ्याच्या सहीवर काम करते."

"पण काम तर करतेस ना बाळा?" त्या म्हणाल्या.

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? करते. चांगलं करते. ते मला इथे कोणी शिकवलं नाही, ज्याने शिकवलं तो हा समोर उभा आहे आणि त्याला तुम्ही वेड्यात काढताय, हे सगळं सांगायला हवं होतं. मी तोंड उघडेपर्यंत त्या दोघी काचेच्या दारातून आत गेल्या होत्या. दारातून आतला गारवा क्षणभर बाहेर आला. आत कोणीतरी त्यांना पाण्याचे ग्लास देत होतं.

बाबा तिथेच उभे होते. "मी काय सांगायला हवं होतं?" त्यांनी मला विचारलं. तीन वर्षांत त्यांनी मला काही विचारलं ते हे पहिलं.

 मी त्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि म्हटलं, "चला बाबा. त्या इमारतीचा फ्यूज माझ्या खिशात आहे. तिथली माणसं उकाड्यात बसलीयेत."

ते चालायला लागले.